गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा वास

गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझेनला, येणारा केळ्याचा वास हा वरून घातलेला इसेन्स असावा, ही आपली शंका वाचली. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही ब्रुअरी, म्हणजे बिअर तयार करणारी जागा, सुरू झाली, तेव्हापासून ही शंका मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण तो वास यीस्टचा असतो. या बिअरसाठी वापरतात ते यीस्ट साखरेचे मद्य करता करताच आयसोअमिल ॲसिटेट हा सुवासिक घटक तयार करते, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही हाच घटक प्रमुख असतो. मागून जाणवणारी लवंगेची छटाही त्याच यीस्टची.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या छोट्या ब्रुअरीत गेलो असता तिथल्या ब्रुअरने टाकीच्या तोटीतून अर्धवट आंबलेली बिअर चाखायला दिली. ती कोमट, गढूळ आणि गोडसर होती, फेस जवळजवळ नव्हता. तरीही पेला नाकाशी नेताच नुकतेच केळे सोलल्यासारखा वास आला. त्यांनी हातावर ठेवलेले माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, दाणेही चावून पाहिले, ते फुटाण्यांसारखे कुरकुरीत लागले.

चाखताना गव्हाची बिअर आधी घ्यावी आणि आयपीए ही कडवट बिअर नंतर, कारण तिच्यातल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा एकदा जिभेवर बसला की हलक्या बिअरची नाजूक चव कळतच नाही. शिवाय पेला बर्फासारखा गार मागू नये. अति थंडाव्यात हे सारे वास दबून जातात.