सातवीच्या पोरांना आठवड्यात सात काव्यप्रकार?

पांझराकाठ
काल इथे एका शिक्षिकेने लिहिलं की सहावी ते आठवीच्या मुलांना एका आठवड्यात ओवी, अभंग, सुनीत, गझल, हायकू, चारोळी, मुक्तछंद, सगळं ओळखीपुरतं शिकवावं आणि शेवटी तक्ता भरून घ्यावा. खाली नुसते अंगठ्यांवर अंगठे. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढला.

ही ओळख कसली? तक्त्यात 'सुनीत – १४ ओळी' लिहिलं म्हणजे सुनीत कळलं का? बहुधा आठ ओळींनंतर कवी विषयाला वळण देतो, ते वळण वाचून कुणी ऐकवलं? वर्षात जात्यावरची ओवी, अभंग असे दोन-तीनच प्रकार घ्या, पण कानाने घ्या. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, झोक्यावर गाणाऱ्या पोरी तुमच्याच वर्गात बसल्यात. त्यांना 'आथानी कैरी, तथानी कैरी' म्हणायला लावा, ठेका कुठे पडतो ते बाकावर वाजवू द्या. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं बोटांवर मोजून होतात. मनाचे श्लोक अनेकांना पाठच असतात. त्या वृत्ताला भुजंगप्रयात म्हणतात, ओळीत ल-गा-गा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, एवढंच सांगायचं उरतं.

कपाशी
तो तक्ता माझा, म्हणून उत्तर देते. पस्तीस मिनिटांचा तास, साठ पोरं, वर परीक्षा. तुमचा ठेका बसेपर्यंत घंटा होते. आणि जात्यावरच्या ओवीचे गोडवे गाताना जातं कुणाच्या घरात फिरतंय तेही सांगा. माझ्या वर्गात ओवी हायकूइतकीच परकी आहे.

एक मुलगा निबंधाच्या तासाला कोरी वही द्यायचा. हायकूला तीनच ओळी लागतात म्हटल्यावर त्याने लिहिलं:
केळीचं पान फाटलं
वाऱ्याला
कुणी रागावलं नाही

हे अभंगाची अक्षरं मोजून आलं असतं का?

भरीतपार्टी
दोघांचं भांडण मिटवतो. आपल्या बहिणाबाईंपासून सुरुवात करा. अहिराणी असल्याने पोरांना लगेच कळते, चालही आपोआप लागते.

असोदा रोड
अहिराणी नाही! किती वेळा सांगायचं? बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, यावल-रावेरकडे बोलतात ती. अहिराणीत 'घरना, घरनी' होतं, त्यांच्या गाण्यांत 'चा-ची-चं' आहे. १९५२ साली पुस्तक आलं, ते उघडून बघा की. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं तरी खान्देशातल्याच माणसाला त्यांची बोली ओळखता येऊ नये?

भरीतपार्टी
म्हणजे बहिणाबाई आता फक्त यावल-रावेरच्या झाल्या? आम्ही साक्रीकडच्यांनी वाचायच्या नाहीत? 'लेवा' म्हणत प्रत्येक गोष्टीत समाज आणल्याशिवाय तुमचं भागत नाही.

असोदा रोड
समाजाचं नाव मी काढलंच नाही, तुम्ही काढलंत. मी व्याकरण सांगितलं. खुशाल वाचा, पण पोरांना चुकीचं शिकवू नका. उद्या तेच तक्त्यात लिहितील.

वाघूर
तुम्ही बोलीच्या नावावर भांडा. माझ्या मुलीने शाळेच्या कवितेत 'मन्ही माय' लिहिलं होतं. वहीत लाल पेनाने काट मारून वर 'माझी आई' आलं, शेजारी शेरा 'शुद्ध लिही'. घरी येऊन ते पान तिने फाडलं. त्यानंतर तिने कविता लिहिलेली मी पाहिली नाही. अहिराणी की लेवा, हे त्या लाल पेनाला काय कळणार? दोन्ही अशुद्धच.

धडगावकर
माझ्या वर्गात या दोन्ही बोली नाहीत. पोरं पावरी ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तकातली मराठी हीच त्यांना दुसरी भाषा. तक्ता दिला तर ते तक्त्याचीच भाषा शिकत बसतात. होळीच्या गाण्यात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ढोलावर तीच उचलतात. ध्रुवपद शिकवायला मला तेवढं पुरलं. नंतर पुस्तकातली कविता उघडली तर पोरांनी न सांगता ध्रुवपदाखाली रेघ ओढली. कपाशीताई, वेळ तुम्हाला वाटतो तितका लागत नाही. पण पांझराकाठ, तुमची आखाजी आमच्याकडे चालत नाही, हेही ऐकून घ्या.

पांझराकाठ
मान्य. ज्या गावात जे गाणं आहे ते घ्या, माझा आग्रह कानाचा आहे. ते केळीच्या पानाचं चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण ते त्या पोराचं आहे, तक्त्याचं नाही. आणि सातवीत गझलेचं मतला-रदीफ-काफिया (पहिला शेर, शेवटी तोच येणारा शब्द, त्याआधीचं यमक) कशाला? यमक धड ऐकू येत नाही तोवर रदीफ कसा वेगळा काढणार?

कपाशी
गझल आठवीवर ढकलते. तक्ता नको तर नको, त्याऐवजी प्रत्येकाने एक कविता मोठ्याने म्हणायची. हायकू मात्र पहिल्याच दिवशी घेणार, त्यावर वाद नको. वाघूर, मुलीला सांगा, माझ्या वर्गात 'मन्ही माय' चालेल.

असोदा रोड
चालायलाच हवं. 'मन्ही' अहिराणीच आहे, तिथे माझी हरकत नाही. भरीतपार्टींनी वरचं तेवढं दुरुस्त करावं, नाहीतर नवीन येणारा तेच खरं धरेल.