केनियाची विधान परिषद: जीवनजी निवडून आले होते का?

प्रश्न: केनियातले हिंदी (भारतीय) व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी १९०९ मध्ये तिथल्या ब्रिटिश राजवटीच्या विधान परिषदेवर गेले, ते मतदानाने?

प्रतिसाद १: नाही, नेमणुकीने. परिषद १९०७ ची, पण गोऱ्यांनाही निवडणूक मिळाली १९२० मध्ये, जागा ११. (‘केनिया’ वसाहतही तेव्हाचीच, आधी ‘पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेश’.) १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने (ब्रिटिश सरकारचं धोरणपत्र) हिंदी लोकांना ५ निवडणुकीच्या जागा दिल्या, त्याही वेगळ्या मतदारयादीवर. त्यांची मागणी गोऱ्यांसोबतच्या सामायिक यादीची होती, म्हणून त्यांचा बहिष्कार. जुन्या नोंदींत नुसतं ‘सदस्य’ वाचून फसायला होतं. सरकारी (पदामुळे बसलेला अधिकारी), नेमलेला की निवडलेला, ते आधी बघा.

प्रतिसाद २: आणि आफ्रिकनांच्या हितासाठी त्याच श्वेतपत्रिकेत काय, तर एक नेमलेला मिशनरी! पहिले आफ्रिकन सदस्य एलियुड माथू, १९४४, तेही नेमलेलेच. आफ्रिकनांना निवडणूक मिळाली ती पार १९५७ मध्ये, ८ जागा. त्यातही शिक्षण, उत्पन्न अशा पात्रतेप्रमाणे एकेकाला तीनपर्यंत मतं.