नेट कंपनी आपण काय बघतो ते जाहिरातवाल्यांना देते का? काय करावं, सल्ला हवाय

चष्मेवाली
मंडळी जरा मदत करा. मागच्या आठवड्यात आईच्या गुडघ्यासाठी पट्टा शोधत होते, माझ्या लॅपटॉपवर, प्रायव्हेट विंडोत, कुठंही लॉगिन न करता. दुसऱ्या दिवसापासून आईच्या मोबाईलवर पट्ट्यांच्या जाहिराती सुरू! तिनं तर काहीच शोधलं नव्हतं, दोघींत सामाईक काय तर घरचं वायफाय. म्हणून नेट कंपनीचं प्रायव्हसीचं पान काढून वाचलं तर पार खाली लिहिलंय की आवडीनुसार ऑफर देण्यासाठी वापराची माहिती भागीदारांना देऊ शकतो. मी कधी हो म्हटलं याला? भाऊ म्हणतो डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदल, मैत्रीण म्हणते व्हीपीएन (आपलं सगळं ट्रॅफिक झाकून दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सोय) घे, कस्टमर केअरवाला म्हणतो मॅडम राउटर बंद करून चालू करा. नक्की काय करू?

तारेवरची_कसरत
व्हीपीएन घ्या, विषय संपला.

जुना_मोडेम
संपत नाही हो, फक्त बघणारा बदलतो. आधी नेट कंपनीला जे दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसणार, आणि तो फुकट देत असेल तर त्याचं पोट कशावर भरतं? ओनावो आठवत असेल, फेसबुकनं २०१३ ला विकत घेतलेलं फुकट व्हीपीएन, लोक कुठली अॅप किती वापरतात ते त्यातूनच फेसबुकला कळायचं, २०१९ ला बंद केलं.

चष्मेवाली, तुमच्या पट्ट्याच्या बाबतीत मला नेट कंपनीपेक्षा दुसऱ्याच कोणावर संशय आहे. घरातल्या सगळ्या मोबाईल-लॅपटॉपचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा ओळख नंबर, बहुतेक वेळा एकच असतो. दुकानांच्या साईटवर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे कोण काय बघतंय ते टिपणारे तुकडे, बसलेले असतातच, त्यांना दिसतं की या पत्त्यावरून कोणीतरी पट्टे बघतंय, मग त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या मोबाईलला जाहिरात दाखवली की झालं. प्रायव्हेट विंडो तुमच्या लॅपटॉपवर मागे काही ठेवत नाही एवढंच, बाहेरच्यांना सगळं तसंच दिसतं.

चष्मेवाली
अरेच्चा. म्हणजे कंपनी निर्दोष?

जुना_मोडेम
तसं कोण म्हणालं :) एचटीटीपीएस (ब्राउझर आणि साईटमधला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत) असल्यामुळे साईटवर कुठलं पान वाचलं ते कंपनीला दिसत नाही, पण साईटचं नाव दिसतं. एकतर डीएनएसच्या चौकशीतून, आणि ती लपवली तरी जोडणी सुरू होताना ब्राउझर साईटचं नाव उघडच पाठवतो त्यातून. आणि नाव पुरतं की! आज कर्जाची साईट, उद्या वकिलाची, परवा भाड्याच्या घरांची, आतलं पान बघायची गरजच काय.

निवांत
+१. आणि हे नुसते तर्क नाहीत. ब्रिटनमध्ये बीटी या टेलिफोन-नेट कंपनीनं २००६ आणि २००७ ला ग्राहकांना न सांगता फॉर्म (Phorm) नावाच्या कंपनीची यंत्रणा लावून बघितली होती, लोक काय बघतात त्यावरून जाहिराती दाखवायची. अमेरिकेत व्हेरायझन ही फोन कंपनी मोबाईलच्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक ग्राहकाचा एक नंबर घुसवायची, २०१२ पासून, बोभाटा झाला २०१४ ला. कुकीज (साईटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) कितीही पुसा, नंबर रस्त्यात चिकटवलेला असल्यामुळे फरक शून्य. २०१६ ला साडेतेरा लाख डॉलर दंड झाला, त्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. आणि तिथल्याच एटी अँड टी या नेट कंपनीची तर कमाल, जाहिरातींसाठी नजर नको असेल तर महिन्याला २९ डॉलर जास्त भरा म्हणायची, २०१६ ला बंद केलं!

चष्मेवाली
बापरे. मग मी सुरुवात कुठून करू ते सांगा, एकेक करून करते.

जुना_मोडेम
आधी ब्राउझर, कारण तुमचा मूळ त्रास तिथला आहे. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन) टाका, आईच्या अँड्रॉइडवरही चालतं. मग कंपनीच्या खात्यात लॉगिन करून जाहिरात किंवा पार्टनर असं काही दिसेल ते बंद करा, पण शब्द नीट वाचा, बऱ्याचदा त्यानं जाहिरात दाखवणं थांबतं, माहिती गोळा करणं चालूच राहतं. म्हणून एक मेल करून लेखी विचाराच.

डीएनएसबद्दल भाऊ बरोबर आहे पण अर्धाच. राउटरमध्ये नुसता दुसऱ्या डीएनएसचा नंबर टाकला तर चौकशी उघडीच जाते, वाटेत कंपनी वाचू शकते. एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत वाचता येणार नाही असं, हवं. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, फायरफॉक्समध्येही सोय आहे, क्वाड९ किंवा क्लाउडफ्लेअर यांची डीएनएस सेवा टाका. जोडणीतलं नाव झाकायला ईसीएच आलंय पण ते समोरच्या साईटनंही चालू केलेलं लागतं, त्यामुळे सगळीकडे चालेल असं नाही.

एवढं करूनही नकोच वाटलं तर व्हीपीएन, पैसे देऊन, आणि नोंदी ठेवत नाही या दाव्याचं बाहेरच्यांकडून ऑडिट करून घेतलेलं असेल तरच.

तारेवरची_कसरत
बरं बाबा, माघार. रच्याकने माझं फुकटवालं आत्ताच काढून टाकलं.

चष्मेवाली
अपडेट: यूब्लॉक टाकलं, प्रायव्हेट डीएनएस लावलं. कंपनीच्या खात्यात तीन बटणं सापडली, तिन्ही आपोआप चालू होती! बंद केली, मेलही टाकलाय, उत्तर आलं की इथं लिहिते. आईला सगळं समजावून सांगितलं तर म्हणते ती जाहिरात घालवू नकोस, त्यातलाच पट्टा मी मागवलाय.

निवांत
=)) मेलचं उत्तर नक्की टाका, माझ्या खात्यात तर बटणंच सापडत नाहीयेत.