सगळे धर्म खरे मानणारा कोण, परधर्मीयाला जागा देणारा कोण?

वाटसरू:
'हिंदू सगळ्या वाटा खऱ्या मानतो, मुसलमान एकच' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' (ऋग्वेद १.१६४.४६) ही ऋचा इंद्र, मित्र, वरुण, अग्नी यांच्याबद्दल आहे. वेदबाह्य स्मृतींना मनू सरळ निष्फळ ठरवतो (मनुस्मृती १२.९५). कुराणात २:२५६ धर्मात सक्ती नको म्हणतं आणि ३:८५ इस्लामखेरीज दुसरा धर्म स्वीकारला जाणार नाही असं बजावतं. पहिली आयत सक्तीबद्दल, दुसरी सत्याबद्दल. हे दोन प्रश्न आपण कायम एकत्र कालवतो.

तर्कट:
मनूच का? गीता (९.२३) सांगते, श्रद्धेने अन्य देवता भजणारेही मलाच भजतात. उलट कुराणात ९:२९ मध्ये जिझिया, म्हणजे मुस्लिमेतरांवरचा कर आहे. हनफी फिकहात (फिकह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, हनफी ही त्याच्या चार सुन्नी मतांपैकी एक) ऐपतीप्रमाणे वर्षाला ४८, २४ किंवा १२ दिरहम. श्रद्धेवर असा कर धर्मशास्त्रात दाखवा.

शोधक:
गीतेतला लगेच पुढचा श्लोकही वाचा: ते मला तत्त्वतः ओळखत नाहीत, म्हणून ढळतात. म्हणजे सामावून घेतलं, पण खालच्या पायरीवर.
जिझियातून बायका-मुलं वगळलेली असत. शाफई हे दुसरं सुन्नी मत तो फक्त ग्रंथधारक (ज्यू, ख्रिस्ती) आणि पारशी यांच्याकडून घ्यायला सांगतं. कर भरून स्वधर्मात राहायची ती सवलत मूर्तिपूजकांना नाहीच. हनफींनी अरबेतर मूर्तिपूजकांनाही ती दिली, म्हणून हिंदुस्थानात हा मुद्दा फार मोठा. अकबराने १५६४ मध्ये कर उठवला, औरंगजेबाने १६७९ मध्ये परत लावला.

वाटसरू:
खरी गंमत पंगतीत आहे. कुराण (५:५) ग्रंथधारकांचं अन्न आणि त्यांच्या स्त्रियांशी विवाह हलाल ठरवतं, पण त्यांचा धर्म अपुरा मानतं. अल्बिरुनी या मुस्लिम विद्वानाने अकराव्या शतकात नोंदवलंय की हिंदू परक्यांना म्लेच्छ म्हणतात. त्यांच्यासोबत जेवण नाही, सोयरीक नाही. एकाने सत्य नाकारून ताट दिलं, दुसऱ्याने सत्य मान्य करून ताट नाकारलं.

तर्कट:
ताट तर स्वधर्मीयांनाही नाकारलं जात होतं. तो जातीचा नियम. परधर्माबद्दलचं मत त्यातून कसं काढता? शिवाय ५:५ मधली सोय मूर्तिपूजकांना नाही, २:२२१ त्यांच्याशी लग्न मना करतं. आणि धर्म सोडणाऱ्या पुरुषाला चारही सुन्नी मतांच्या जुन्या फिकहात देहदंड आहे.

शोधक:
देहदंडाचं खरं आहे, त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. पण मनूच्या अकराव्या अध्यायातला पतिताचा (महापापामुळे बहिष्कृत झालेल्याचा) विधी बघा: माणूस जिवंत असताना नातलगांनी बाहेर जाऊन त्याच्या नावाने उदक सोडायचं, दासीने भरलेला घट लाथेने लवंडायचा. मग बोलणं बंद, वारसा बंद. जीव राहतो, माणूस कागदोपत्री मेलेला.

तर्कट:
त्याला प्रायश्चित्त घेऊन परत येता येतं, आणि तोच अध्याय तेही सांगतो.