बाबा महिन्यात दोनदा पडले, गावचं घर आहे, काय काय करून घेऊ? (मदत हवी आहे)

नमस्कार, थोडं लांबेल पण सगळं सांगते म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. माझे बाबा ७९ वर्षांचे, आई ७३, दोघंच असतात गावी, लांजा तालुक्यात. मी डोंबिवलीला, भाऊ बंगलोरला. घर जुनं, जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग माजघर, आणि न्हाणी-संडास मागच्या बाजूला, म्हणजे मागच्या दाराचा उंबरठा ओलांडून दोन पायऱ्या उतरायच्या आणि आठ-दहा पावलं चालायचं. त्या चिऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं हे कोकणातल्यांना सांगायला नको.

पहिल्यांदा आषाढात पडले, न्हाणीपाशी, ढोपर सोललं एवढंच, आम्ही म्हटलं शेवाळामुळे घसरले असतील, आईने ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घेतलं, विषय संपला. पण परवा पहाटे साडेचारच्या सुमारास परत पडले आणि ते बाहेर नाही, घरातच, खाटेवरून उठून चार पावलं गेले आणि माजघरात कोसळले. कोरडी जमीन, पायात काही नव्हतं, अडखळायला काहीच नाही. म्हणतात डोळ्यापुढे अंधार आला. आईला कमी ऐकू येतं, तिला कळलंच नाही. सहा वाजता शेजारचे काका दूध घालायला आले तेव्हा त्यांनी उचललं. म्हणजे दीड तास माझे बाबा गार कोब्यावर पडून होते. हे लिहितानाही हात थरथरतोय.

कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी बरे आहेत म्हणतात. औषधं: बीपीची ॲम्लोडिपिन, हार्टसाठी क्लोपिडोग्रेल, झोपेची अर्धी गोळी (अल्प्राझोलम) बरीच वर्षं, आणि दोन महिन्यांपूर्वी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झाली, ती रात्री जेवणानंतर. लघवीला रात्री तीनदा तरी उठतात.

काठी आणून दिली ती कोपऱ्यात उभी आहे. "अजून आमराईत एकटा जातो मी" म्हणतात. आणि ते खरंही आहे. त्यांचं फिरणं बंद करायचं नाहीये मला, घरात बसवलं तर ते वर्षभरात खचतील. फक्त पडायला नकोत. गणपती तोंडावर आलेत, घरात माणसांची वर्दळ, ओली जमीन, आणि पूजेला पाटावर बसून उठायचं. आधी काय करू, कुठून सुरुवात करू?

*

चाफेकळी:
ताई, घराचं नंतर बघू, आधी एक सांगते. क्लोपिडोग्रेल रक्त पातळ ठेवते आणि डोक्याला मार लागलाय, तर माणूस चांगला बोलत-चालत असला तरी आजच्या आज दवाखान्यात नेऊन सीटी स्कॅनबद्दल विचारा. या वयात डोक्यात हळूहळू रक्त साठू शकतं आणि ते काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी कळतं. डोकं दुखणं, उलटी, जास्त झोप, बोलण्यात-चालण्यात फरक, यातलं काही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. स्कॅन नॉर्मल आला तरी महिनाभर लक्ष ठेवा.

दुसरं, तुम्ही स्वतःच लिहिलंय की दुसऱ्यांदा कोरड्या जमिनीवर, उठल्या उठल्या, अंधारी येऊन पडले. मी २२ वर्षं वॉर्डात नर्स आहे, हे ऐकलं की आम्ही पहिल्यांदा बीपी बघतो, पण दोनदा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना मेंदूला रक्त कमी पडतंय. टॅम्सुलोसिनने हे होऊ शकतं, त्यात बीपीची गोळी आणि झोपेची गोळी, आणि वेळ रात्रीचीच. मोजताना कुणीतरी जवळ उभं राहा हं. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, अल्प्राझोलम तर अजिबातच अचानक सोडायची नसते, सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे ठेवा.

*

पडवी:
आमचं घर राजापूरकडे, आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर जे केलं ते आधी करायला हवं होतं, म्हणून लिहितोय. पहिली गोष्ट रात्रीचं बाहेर जाणंच बंद करा. खाटेजवळ युरिन पॉट ठेवा, मेडिकलमध्ये प्लास्टिकचा मिळतो, झाकण असलेला घ्या. पुरुषमाणसं आधी नाही म्हणतात, दोन रात्रींत सवय होते. खाटेवर बसूनच वापरायचा.

दुसरं, आईला कमी ऐकू येतं तर बॅटरीवर चालणारी वायरलेस दारावरची बेल घ्या, बटण बाबांच्या गळ्यात दोरीने, बेल आईच्या उशाशी आवाज मोठा करून. तीच बटणं आमच्याकडे आता दोन आहेत, एक न्हाणीत जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलंय, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो.

न्हाणीत दांडी बसवताना साधा प्लग-स्क्रू चालणार नाही, जांभा भुसभुशीत, वजन आलं की प्लगसकट बाहेर येतो. आमच्या गवंड्याने मोठं भोक घेऊन पाइपचं टोक सिमेंटमध्ये गाडलं, आठवडाभर कुणाला हात लावू दिला नाही. रबराच्या वाटीने (सक्शनने) भिंतीला चिकटणाऱ्या दांड्या मिळतात त्या घेऊच नका. आणि टॉवेलच्या दांडीला माणूस धरतो, ती काढूनच टाका. दारात घडी घातलेली गोधडी पायपुसणं म्हणून असेल तर तीही.

*

(धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. चाफेकळीताई, तुमचं वाचलं आणि त्याच दिवशी शेजारच्या काकांच्या मुलाने गाडीने रत्नागिरीला नेलं, मी रात्रीच्या गाडीने पोचले. सीटी नॉर्मल आला. बीपी झोपून १४६/८२ आणि उभं केल्यावर ११८/७०, तेव्हा ते तिथेच म्हणाले की हेच, हेच होतं मला पहाटे. डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन बंद करून प्रोस्टेटचं दुसरं औषध बघू म्हणालेत, झोपेची गोळी महिन्या-दीड महिन्यात थोडी थोडी कमी करत न्यायची आहे. खुर्चीवरून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला लावलं, १६ सेकंद लागले, १२ च्या वर म्हणजे काळजी घ्यायची असं म्हणाले. मोतीबिंदूसाठी डोळेही दाखवायचे आहेत. म्हणजे आम्ही शेवाळाला दोष देत बसलो आणि निम्मं कारण गोळ्यांच्या डब्यात होतं.

उठायचं कसं तेही ठरलंय, जाग आली की आधी पाय हलवायचे, मग खाटेच्या कडेला बसून राहायचं आणि मगच उभं राहायचं. आईने त्याला माप दिलंय, एक मारुती स्तोत्र बसून म्हणायचं. हे मात्र त्यांनी बिनतक्रार मान्य केलं.

काठीचं अजून अडलंय.

*

चाफेकळी:
स्कॅनचं वाचून बरं वाटलं. फिजिओकडे नेऊन काठीची उंची मापून घ्या, सरळ उभं राहून हात सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत. उंच काठीने खांदा दुखतो, मग ती कोपऱ्यात जाते. खाली रबरी बूच झिजलेलं नको. आणि पडल्यावर उठायचं कसं तेही बाबांकडून करून घ्या: कुशीवर वळायचं, मग हातावर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं, हात टेकून एक पाय पुढे. पण मांडीत किंवा जांघेत जोरात दुखत असेल, पाय आखूड वाटत असेल किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठवायचं नाही, पांघरूण घालून १०८.

*

(धागाकर्ती)
हे आईला वाचून दाखवलं. भाऊ शनिवारी येतोय, गवंडी रविवारचा सांगितलाय. मागच्या दोन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी पाइप आणि न्हाणीत खडबडीत कोबा करतोय, गुळगुळीत टाइल्स लावायचा भावाचा विचार होता तो रद्द केला. पूजेचं गुरुजींना विचारलं, ते म्हणाले खुर्चीवर बसून केली तरी काही अडत नाही. पण बाबांना पाटच हवाय, ५० वर्षं पाटावर बसून केलीय म्हणतात. तर कुणी गुडघ्याइतक्या उंचीचं, हात टेकून उठता येईल असं बैठं आसन सुताराकडून करून घेतलंय का? माप आणि लाकूड कोणतं ते सांगा, चतुर्थीला अकरा दिवस उरलेत.