मदत हवी आहे : राजीव शुक्लांची महाराष्ट्रातली खासदारकी

नमस्कार मंडळी. भाची पत्रकारितेच्या वर्गासाठी राजीव शुक्लांवर प्रकल्प करतेय. कानपूरचे हिंदी पत्रकार, झी टीव्हीवरचं 'रूबरू', पत्नी अनुराधा प्रसाद यांची बीएजी फिल्म्स, न्यूज २४, मग मंत्रिपद आणि क्रिकेट मंडळ, एवढं सहज मिळालं.

अडलंय ते पुढे. २००६ आणि २०१२ मध्ये ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. राज्यसभेच्या खासदाराला स्थानिक विकास निधी निवडून आलेल्या राज्यात कुठल्याही जिल्ह्यात देता येतो. मग त्यांचा इथे कुठे खर्च झाला? मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या गावात त्यांच्या निधीतलं सभामंडप, रस्ता, शाळाखोली असं काही असेल, तर कोनशिलेचा फोटो टाकाल का? त्या काळातली मराठी कात्रणंही चालतील.