फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात हैती का नाही?

पारावरचा
भाचीचा अभ्यास घेताना फ्रेंच राज्यक्रांती काढली. बास्तीय, गिलोटिन, नेपोलियन, वॉटर्लू, धडा खलास. तिने विचारलं, "मामा, समतेचा जाहीरनामा १७८९ चा. मग फ्रान्सच्या वसाहतींतले गुलाम कधी सुटले?" तिच्या पुस्तकात एक ओळ नाही.

सँ-दोमँग ही कॅरिबियनमधली फ्रान्सची वसाहत, म्हणजे आजचं हैती. तिथे सुमारे ५ लाख गुलाम ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबत होते. युरोपात खपणारी निम्म्याहून जास्त कॉफी तिथली. आता जाहीरनामा बघा. कलम १: माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. कलम १७, शेवटचं: मालमत्तेचा हक्क पवित्र. मळेवाल्यांच्या वहीत गुलाम मालमत्तेच्याच रकान्यात! त्यांना पहिलं कलम लावायचं की सतरावं, यावर पॅरिस घोळ घालत बसलं. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांनी मळे पेटवले. हैती वगळून हा धडा शिकवणं मला तरी पटत नाही.

निवृत्त_मास्तर
असहमत. बंड प्राचीन रोममधल्या स्पार्टाकस या गुलामानेही केलं होतं. हैतीच्या बंडाला अर्थ आला तो १७८९ च्या विचारामुळे. गुलामीविरोधी मंडळ पॅरिसमध्ये १७८८ मध्येच निघालं होतं, आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामी रद्द केली ती फ्रेंच सभागृहानेच. हल्ली ऊठसूट युरोपला झोडपायची टूम निघाली आहे, म्हणून लिहिलं.

ओसरी
मास्तर, सँ-दोमँगमधल्या फ्रेंच आयुक्तांनी १७९३ मध्येच गुलामी रद्द केली होती. तीही का? इंग्रज आणि स्पॅनिश दारात उभे, बंडखोर आपल्या बाजूला हवेत म्हणून. पॅरिसने मागाहून शिक्का मारला. पुढे १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत गुलामी पुन्हा कायदेशीर केली. गुलामांच्या बंडाचा नेता तूसँ लूव्हर्त्यूर, त्याला बोलणीच्या नावाखाली बोलावून पकडलं आणि जुरा पर्वतातल्या किल्ल्यात डांबलं. कॅरिबियनमध्ये आयुष्य गेलेला माणूस, एप्रिल १८०३ मध्ये तिथेच गेला.

निवृत्त_मास्तर
नेपोलियन म्हणजे राज्यक्रांती नव्हे. त्यानेच ती गुंडाळली.

सुपारीवाली
बरं, नेपोलियन सोडा. १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या शार्लने १४ युद्धनौका पाठवून मागणी केली: मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक द्या, तरच मान्यता. नुकसानीत गुलामांची किंमतही धरलेली. म्हणजे सुटलेल्याने स्वतःचीच किंमत मालकाला चुकवायची. चोर तो चोर, वर शिरजोर!

पहिला हप्ता ३ कोटींचा. हैतीकडे एवढा पैसा कुठला? कर्ज काढलं, तेही पॅरिसच्याच सावकारांकडून, आणि त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचं शेपूट १९४७ पर्यंत वळवळत होतं. आपल्याकडच्या सावकारी पाशाच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

पारावरचा
मास्तर, विचार युरोपचाच असं म्हणताना एक आठवा. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतली.

निवृत्त_मास्तर
ते भाषण मलाही माहीत आहे. बाबासाहेबांनी कुठून घेतली याने हैतीने कुठून घेतली हे ठरत नाही. तूसँने बुद्ध वाचला नव्हता.

हप्त्यांचं मात्र ठाऊक नव्हतं, कबूल. सुपारीवाली, आभार. पण धडा युरोपचा आहे. दहा पानांत हे कुठे बसवणार?

सुपारीवाली
वॉटर्लूच्या नकाशाला अख्खं पान दिलंय ना? ते घ्या.

निवृत्त_मास्तर
नकाशाला हात लावायचा नाही. ३० वर्षं मी तो फळ्यावर काढलाय.